सातव्या तोडणीचं भरीत

“हे वांगं माझं नाही,” फालक सर म्हणाले आणि त्यांनी माझा कागद टेबलावर उलटा टाकला.

बैठकीच्या खोलीत नऊ माणसं होती. सगळ्यांपुढे तोच मोठा रंगीत कागद आणि त्यावर तीच नऊ छोटी चित्रं. अध्यक्ष डॉ. श्रोत्री मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं.

“फालक, चित्राच्या डोक्यावर लिहिलंय. वाण क्रमांक सहा. सहा तुमचाच ना?”

“नंबर माझा आहे. वांगं माझं नाही.”

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ती चित्रं मी काढली होती आणि त्यांच्या डोक्यावरची नावंही मीच घातली होती.

आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि खानदेशातल्या एका वांगी संशोधन केंद्रात कंत्राटावर मदतनीस होते. मूळची मी चिपळूणची, शलाका खानविलकर. आमच्याकडे सुकटीची सोबत नसेल तर वांग्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. इथे मात्र माणसं वांग्यावरून एकमेकांशी अबोला धरत. भरिताचं वांगं म्हणजे इथल्या लोकांचा जीव की प्राण. दिगंबर फालक सरांनी तर आयुष्यातली चौदा वर्षं एका वांग्यात घातली होती. हिरवट पांढरं, हातभर लांब, बिया नावालाच. तोच वाण क्रमांक सहा.

नऊ वाणांमधून एकाचीच शिफारस व्हायची होती. ज्याची शिफारस होईल त्याचं बियाणं शेतकऱ्यांकडे जाणार, बाकीच्यांची चाचणी पुन्हा तीन वर्षं. सर मात्र एकतीस जानेवारीला निवृत्त होत होते आणि बैठक होती वीस तारखेला. आज झालं नाही तर सहा नंबर एका पाकिटात बंद होऊन कपाटात जाणार, हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. मला त्यांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं. “पोरी, यांनी वाढदिवस नाही पाह्यला कोनाचा, वांगंच पाह्यलं,” असं काकू म्हणाल्या होत्या.

श्रोत्री मॅडमना आकड्यांच्या तक्त्यांचा भयंकर तिटकारा. त्यांचा निरोप आला होता की तक्ते नकोत, एका पानावर नऊ वाणांची नऊ चित्रं हवीत. प्रत्येक तोडणीला वांग्यांचं वजन किती भरलं, त्याची रेघ. मी नुकताच कॉम्प्युटरवर कोड लिहायचा दोन महिन्यांचा क्लास केला होता आणि उतावळ्या नवऱ्यासारखी बाशिंग बांधूनच बसले होते. म्हटलं, सर, मी करते.

आलेख काढायची एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तयार कोडची. तिला एक ओळ लिहून दिली की पानाचे नऊ चौकोन पाडून देते, तीन ओळींत तीन-तीन. रेघाही काढून देते. पण कुठल्या चौकोनाचं नाव काय, हे तिला वेगळं सांगावं लागतं. नाहीतर ते चौकोन बारसं व्हायच्या पोरांसारखे बिननावाचे बसून राहतात. मी नावं सांगितली, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती रिकामी खोकी उमटली. फॉन्ट बदलला, तर ‘क्रमांक’मधला क एकीकडे, त्याचा मोडका पाय दुसरीकडे आणि र तिसरीकडे. तीन दिवस मी त्या एका शब्दाशी भांडत होते. चौथ्या दिवशी इंटरनेटवर कुणा भल्या माणसाने सांगितलेला उपाय लागू पडला आणि पडद्यावर नऊच्या नऊ ठिकाणी धडधाकट ‘वाण क्रमांक’ उभे राहिले.

मी किंचाळलेच. खुर्चीसकट गोल फिरले. शेजारच्या खोलीतून भंगाळे सर काठी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

“काय झालं?”

“सर, नावं आली! चित्रांवर नावं आली!”

भंगाळे सर वाकून बघत राहिले. वाण क्रमांक आठ त्यांचा. फालक सरांचे ते वीस वर्षांचे सोबती आणि तेवढ्याच वर्षांचे प्रतिस्पर्धी. “नंबर दिसून राह्यले,” ते म्हणाले. “त्यात नाचन्यासारखं काय हाये?” आणि काठी घेऊन परत गेले.

मग पानाच्या वरचं मोठं शीर्षक पहिल्या ओळीतल्या नावांच्या डोक्यावर बसलं, ते उचलून वर सरकवलं. सातव्या आणि आठव्या तोडणीला कुठे कुठे रेघ धपकन खाली आली होती, त्यासाठी अहवालात दोन भारदस्त वाक्यं लिहिली, ‘कडाक्याच्या थंडीमुळे उत्पादनात तात्पुरती घट’ वगैरे. आणि तपासलंही हो, अगदीच वेंधळी नव्हते मी. शितावरून भाताची परीक्षा म्हणून पहिलं चित्र पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं. तिन्ही नोंदवहीशी तंतोतंत जुळली. दहा रंगीत प्रती काढल्या आणि बैठकीच्या दिवशी सकाळी नवी ओढणी घेऊन हजर झाले.

आणि आता त्या कागदावर आठ नंबरची रेघ सगळ्यांच्या वर होती आणि सहा नंबर तळाशी लोळत होता.

“प्रत्येक आईबापाला आपलंच पोर हुशार वाटतं, फालक,” श्रोत्री मॅडम म्हणाल्या. “तुमच्याकडे पुरावा काय?”

“शलाका,” सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “मूळ आकडे दाखव.”

मूळ नोंदवही शेतावरच्या ऑफिसात, बारा किलोमीटरवर. पण आकडे लॅपटॉपमध्ये होते. मी लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं. निळा पडदा आला. त्यावर लिहिलं होतं की अद्ययावत करण्याचं काम चालू आहे, चार टक्के पूर्ण, कृपया बंद करू नका.

“किती वेळ लागेल?” मॅडमनी विचारलं.

“होईल आता,” मी म्हणाले. पाच टक्के झाले.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “माझी गाडी चार वीसची आहे. पंधरा मिनिटं थांबते. नाही उघडलं, तर कागदावर जे आहे ते धरून आठ नंबरची शिफारस करून मी सही करणार.”

भंगाळे सर बशीत चहा ओतून फुर्र करून पीत होते. त्यांनी मान वर केली नाही. खोलीत पंख्याचा आणि त्यांच्या चहाचाच काय तो आवाज. नऊ टक्के. मी मनात चिपळूणच्या सगळ्या देवांना नारळ बोलून टाकले. अकरा टक्क्यांवर ते आकडे येऊन बसले ते हलेचनात. सरांची चौदा वर्षं माझ्या मांडीवरच्या त्या निळ्या पडद्यात अडकली होती आणि मला रडूसुद्धा फुटत नव्हतं.

तेवढ्यात फालक सर उठून उभे राहिले. उलटा टाकलेला कागद त्यांनी सुलटा केला.

“पुरावा आहे,” ते म्हणाले. “सातव्या तोडणीला माझ्या वाणाचं वजन कमी भरलेलं आहे. इथं सहा नंबरच्या चित्रात सातव्या तोडणीला काही घट नाही. म्हणून हे चित्र माझं नाही.”

“वजन कमी भरलं हे तुम्हाला इतकं पक्कं कसं आठवतं?”

“कारण साडेतीन किलो वांगी आदल्या दिवशी मी घरी नेली.”

चाचणीच्या वाफ्यातलं एकेक वांगं मोजून, तोलून वहीत जायला हवं, हा आमचा पहिला नियम. परवानगीशिवाय एक वांगं उचललं तरी मेमो. आणि फालक सर म्हणजे एकतीस वर्षांत एकही मेमो नसलेला माणूस. टाचणीसुद्धा ऑफिसची असेल तर परत ठेवणारा.

“घरी नेलीत?” मॅडम म्हणाल्या. “कशासाठी?”

“भरितासाठी.”

कोणीतरी खोकलं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

सरांची बैठकीतली पुस्तकी मराठी तिथपर्यंतच टिकली. पुढे त्यांची त्यांची बोली आली. “मॅडम, तुम्ही वजन मोजता, लांबी मोजता, देठाचे काटे मोजता. चौदा वरसात एका फॉर्मवर रकाना नाही का हे भाजल्यावर लागते कसं! भरिताचं वांगं हाये हे. मी चव न पाह्यता लोकायच्या गळ्यात कसं मारू? मी तोडले, घरी नेले, भाजले. एकट्यानं खाल्ले. जे काय करायचं ते माह्यावर करा.”

“साडेतीन किलो? एकट्याने?”

“हो,” सर म्हणाले.

आता ते उभे होते शिडशिडीत, सव्वापाच फुटी, पोट खपाटीला गेलेले. हे खोटं चिपळूणच्या शेंबड्या पोरानेही मानलं नसतं.

“नाही मॅडम,” माझ्या तोंडून निघून गेलं. “मीही होते.”

होतेच. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी सरांनी अंगणात जेवायला बोलावलं होतं. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर त्यांनी स्वतः वांगी भाजली, साली काढल्या आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, मिरच्यांबरोबर ठेचली. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. काकू कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होत्या. मी म्हणजे मासे सोडून कशालाही चांगलं न म्हणणारी मुलगी. पहिला घास घेतला आणि बोलायचंच विसरले. वांगी कुठल्या वाफ्यातली आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर एखादी भाकरी कमी खाल्ली असती, एवढंच.

“किती खाल्लंत?” मॅडमनी मला विचारलं. बैठकीच्या इतिवृत्तात हा प्रश्न पुढे आला नाही, पण त्यांनी तो विचारला.

“तीन भाकरी, मॅडम.”

“तू काहाले बोलली?” सर माझ्यावर डाफरले. “तुह्यं कंत्राट हाये!”

“राहू द्या सर, तीन खाल्ल्या तर तीनच सांगणार!”

आता कोपऱ्यातले दोघेतिघे खुदखुदायला लागले होते. मॅडमनी कागद जवळ ओढला आणि नऊही चित्रांवरून बोट फिरवलं. सातव्या तोडणीला धपकन खाली आलेली रेघ एकाच चित्रात होती. त्या चित्रावर नाव होतं वाण क्रमांक आठ.

सगळ्यांच्या माना भंगाळे सरांकडे वळल्या.

“भंगाळे,” मॅडम म्हणाल्या, “तुमचा आठ नंबर सातव्या तोडणीला का घसरला?”

भंगाळे सरांना फक्त ‘थंडी’ म्हणायचं होतं. माझ्याच अहवालात छापून तयार होतं ते, भारदस्त शब्दांत. एक शब्द, आणि शिफारस त्यांची, बियाणं त्यांचं, वीस वर्षांची स्पर्धाही त्यांचीच. लॅपटॉपवर अजून एकसष्ट टक्केच झाले होते.

त्यांनी बशी खाली ठेवली. मिशीवरचा चहा पुसला.

“मॅडम, त्या रविवारी मीबी तिथंच होतो.”

“भंगाळे!” सर ओरडले.

“तू चूप बस रे. पोरीनं सांगितलं आन मी काय तोंड लपवू?” मग मॅडमकडे वळून म्हणाले, “चार भाकरी खाल्ल्या. घरी गेलो तर चैन पडेना. म्हटलं, या फालक्याच्या वांग्यात असं काय हाये जे माह्या वांग्यात नाही? पुढच्या तोडणीच्या आदल्या दिवशी मी माह्या वाफ्यातून चार किलो काढले. घरी नेऊन भाजले. तसंच ठेचलं, तसंच तेल, तशीच पात.”

“मग?”

भंगाळे सरांनी रिकामी बशी बाजूला सरकवली.

“बायकोनं चाखलं. म्हने, बाकीच्या वांग्यायची भाजी करून टाकू का?”

त्यानंतर खोलीत जे हसणं सुटलं, ते सरकारी बैठकीत मी आधी किंवा नंतर कधी ऐकलं नाही. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. फालक सर तर हसता हसता खाली बसले आणि टेबलावर थाप मारत राहिले. एक पाहुणे शास्त्रज्ञ होते, त्यांच्या वाणाची रेघ नवव्या तोडणीला जरा वाकली होती. त्यांनी आपला कागद हळूच घडी करून खिशात घातलेला मी पाहिला.

“म्हणून सांगतो,” भंगाळे सर आवाज चढवून म्हणाले, “माही घट आठव्या तोडणीला पाह्यजे. ती इथं सहा नंबरच्या चित्रात हाये. म्हनजे सहाचं चित्र माह्यं आन आठचं त्याचं. पोरीनं नावं उलटीपालटी लावली.”

माझ्या मांडीवर लॅपटॉपने टिंग असा आवाज केला. शंभर टक्के.

मी कोड उघडला. सहा आणि आठची अदलाबदल झाली होती. पण एक, पाच आणि नऊ तर मी स्वतः तपासले होते, ते बरोबर होते. असं कसं होईल? मी डोळे फाडून बघत राहिले आणि मग एकदम दिसलं. आमच्या नोंदवहीत नऊ वाण उभे लिहिलेले होते, एकाखाली एक तीन, मग शेजारच्या रकान्यात पुढचे तीन. मी रेघा त्याच क्रमाने भरल्या, वरून खाली. नावं मात्र लायब्ररीने तिच्या रीतीने लावली, आपण पान वाचतो तशी, डावीकडून उजवीकडे. तसं केलं की तिरक्या रेषेतले तीन चौकोन, पहिला, मधला आणि शेवटचा, तेवढेच जागच्या जागी राहतात. बाकी सहा जण आपसात नावं बदलून बसतात. आणि मी भल्या मोठ्या शहाणपणाने नेमके तेच तीन तपासले होते.

“मॅडम, माझं चुकलं,” मी म्हणाले. एक ओळ बदलली आणि पान पुन्हा काढलं. लॅपटॉप टेबलावर ठेवला. वाण क्रमांक सहा खालच्या ओळीत मध्ये जाऊन बसला होता, सातव्या तोडणीला साडेतीन किलोचा खड्डा पडलेला, आणि तो खड्डा धरूनही त्याची बेरीज नऊ जणांत सगळ्यात जास्त होती.

मॅडमनी पडद्यावरचे आकडे एकेक करून पाहिले. पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा हात होता तो, गाडीची वेळ होत आली म्हणून घाई केली नाही. मग शिफारसपत्रावर आधीच लिहून ठेवलेलं आठ खोडून सहा लिहिलं, आद्याक्षरं टाकली, खाली सही केली.

“फालक, अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “आणि मेमो येईल. भंगाळे, तुम्हालाही. त्यातून मी सोडू शकत नाही.”

“सोडू बी नका,” भंगाळे सर म्हणाले.

मॅडम गेल्या, बाकीचेही पांगले. व्हरांड्यात मी सरांना गाठलं आणि इतका वेळ न फुटलेलं रडू तिथे फुटलं.

“सर, दहा मिनिटं थांबला असतात तर! लॅपटॉप सुरू झालाच असता. माझी चूक माझ्या गळ्यात पडली असती आणि तुम्हाला वांग्यांचं काहीच सांगावं लागलं नसतं. एकतीस वर्षांत पहिला मेमो, तोही शेवटच्या महिन्यात. माझ्यामुळे.”

सर पुन्हा हसायला लागले, मघासारखंच, खांबाला हात टेकून.

“येडी हाये का तू? तुहा तो लॅपटॉप दहा मिनिटं आधी सुरू झाला असता तर माह्यं केवढं नुकसान झालं असतं! शिफारस काय, आकड्यानं मिळालीच असती.” त्यांनी रुमालाने माझं नाही, स्वतःचंच नाक पुसलं. “चौदा वरसं झाली पोरी. किती बैठका झाल्या, किती साहेब आले न् गेले. वजन इचारलं, रोग इचारला. आज पह्यल्यांदा कोनी इचारलं, कशासाठी म्हनून. आन मले भर बैठकीत सांगता आलं, भरितासाठी. वरून भंगाळ्याच्या तोंडून वदवून घेतलं. ते कोनत्या आलेखात येते, सांग बरं?”

इतका आनंदलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि तो आनंद माझ्या चुकीतून आला होता म्हणून मला एकाच वेळी लाजही वाटत होती आणि नाचावंसंही वाटत होतं.

मेमो एकोणतीस तारखेला आला. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, असं त्यात होतं. सरांनी मला टाइप करायला बसवलं आणि मागे हात बांधून येरझारा घालत सांगू लागले. मी शब्द न् शब्द तसाच उतरवला.

‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर वांगी मी तोडली. सदर वांग्यांचे भरीत मी केले. सदर भरीत उत्कृष्ट झाले होते.’

“पुढे, सर?”

“पुढे काय? झालं. काढ प्रिंट.”

“सर, दिलगिरीचं वाक्य राहिलं.”

“राह्यलं नाही,” ते म्हणाले आणि खिशातून पेन काढून सहीला बसले. “मी ते टाकलंच नाही.”